पावसाळ्यात कोंबड्यांची रक्ती हगवण

प्रश्न : आमच्याकडे पंधरा-वीस गावठी कोंबड्या आहेत. पाऊस लागल्यापासून तलंगा पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त दिसते. काही मोठ्या कोंबड्या खाऊनही वाळत चालल्या आहेत. काय करावे?
– एक वाचक, ता. देवरी, जि. गोंदिया

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी दिसतात, एकच औषध दोन्हींवर चालणार नाही. तलंगांना बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, झाली आहे. धानपट्ट्यातल्या ओल्या, उबदार खुराड्यात विष्ठेतले तिचे जंतू एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगे होतात. अ‍ॅम्प्रोलियमची 20 टक्के भुकटी 1 लिटर पाण्यात 1.2 ग्रॅम, असे 5 दिवस द्या. तेवढ्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. त्यातल्या बी-1 मुळे औषधाचा परिणाम कमी होतो. ओले तूस रोज काढून कोरडे घाला. हे औषधाइतकेच महत्त्वाचे, आणि नेमके हेच राहून जाते.

वाळणाऱ्या कोंबड्यांत जंत असावेत. पायपरेझिन गोल जंतांवर लागू पडते. विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. त्यांना दुसरे औषध लागते. म्हणून ताजी विष्ठा पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या आणि मगच औषध व मात्रा ठरवा. अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथेच विचारा.

हिरवट-पांढरी हगवण, वाकडी मान आणि धडाधड मरतूक दिसली तर मानमोडीची शंका घ्या. तिच्यावर औषध नाही, आधी टोचलेली लसच वाचवते. अशा वेळी पक्षी बाजारात नेऊ नका, लगेच दवाखान्यात कळवा.