हिरडीतलं रक्त आणि मिशरीची डबी

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, “अक्का, ब्रश केला की थुंकीत रक्त येतंय. जाऊबाई म्हणतात, चिमूटभर मिशरी लाव, बरं वाटेल.” तुला पाचवा महिना लागलाय. तुझं ते बोलणं ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय गं. म्हणून आज सविस्तर सांगते.

आधी ते रक्त येतं कुठून, ते बघ. गळ्याच्या बाजूला बोट ठेवलं की ठोके लागतात ना, ती कॅरोटिड धमनी. वर जाऊन तिचे दोन फाटे होतात. आतला मेंदूकडं आणि डोळ्याकडं जातो, बाहेरचा चेहऱ्याकडं आणि जबड्याकडं. दातांना रक्त मिळतं ते या बाहेरच्या फाट्यातून. खालच्या दातांची धमनी तर चक्क जबड्याच्या हाडातल्या नळीतून जाते. डोळ्याचं रक्त वेगळ्या फाट्यातून येतं, म्हणून वरची दाढ काढली की नजर जाते, असं आपल्या गावाकडं म्हणतात त्यात काही तथ्य नाही. आईनं याच भीतीनं किडकी दाढ किती वर्षं सोसली, तुला ठाऊक आहे.

दाताच्या आत रक्त शिरतं ते मुळाच्या टोकाच्या अगदी बारीक छिद्रातून. आत सूज आली तर तिला फुगायला जागा नसते, चहूबाजूंनी कडक भिंती. आतली नस गुदमरून मरते, मग रूट कॅनॉल करावं लागतं. हिरडीचं तसं नाही. तिला तीन बाजूंनी रक्त येतं: हाडावरच्या आवरणातून, दात आणि हाड यांच्या मधल्या तंतूंतून आणि खुद्द हाडातून. दाढ काढल्यावरची जखम लवकर भरते, त्यात या भरपूर रक्ताचा मोठा वाटा आहे.

गरोदरपणात संप्रेरकं वाढतात, हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. दातांच्या कडेला थोडी घाण साचली तरी हिरडी लालबुंद होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. पुष्कळ जणींना होतं हे, घाबरून जाऊ नकोस. पण रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नकोस. मऊ ब्रश घे, हलक्या हातानं सकाळ-रात्री दात घास. ब्रश सोडला की घाण वाढते आणि रक्तही वाढतं.

आता मिशरी. औशाला जा, निलंग्याला जा, तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू डबीत भरलेली दिसेलच. जाऊबाई मनानं वाईट नाहीत, त्यांच्या सासूनं त्यांना हेच शिकवलं असणार. लावल्यावर बरं वाटतं हेही खरं, पण ते निकोटिनमुळं. हिरडीत इतकं रक्त खेळतं, की तिथं चोळलेलं निकोटिन सरळ रक्तात उतरतं, वार ओलांडतं आणि बाळापर्यंत पोचतं. तू तंबाखू गिळत नाहीस, नुसती लावतेस, असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. मुंबईत 1,217 गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधीची बाळंतपणंही त्यांच्यात जास्त होती. शिवाय रोज चोळून चोळून हिरडी खाली सरकते, दातांची मुळं उघडी पडतात. तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच.

तू आता दाताच्या डॉक्टरकडं जा. चौथा ते सहावा महिना यासाठी सगळ्यांत सोयीचा असतो. दात साफ करून घ्यायला काही हरकत नाही, जागा बधिर करायचं इंजेक्शनही चालतं. फक्त पाचवा महिना आहे, हे खुर्चीत बसण्याआधी सांग, आणि मेडिकलमधून मनानं दुखण्याची गोळी आणून घेऊ नकोस. लातुरात दंत महाविद्यालय आहे, तिथं दाखवता येईल. साखर वाढली तर हिरड्या जास्त बिघडतात, म्हणून तीही तपासून घे. आणि ताप असताना हिरडीतून रक्त आलं, किंवा अंगावर लाल ठिपके दिसले, तर दाताच्या डॉक्टरची वाट बघू नकोस, तडक दवाखाना गाठ. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या की असं होतं.

जाऊबाईंशी भांडू नकोस. त्यांना तंबाखू सोडायची असेल तर सरकारची 1800112356 ही फुकट मदतवाहिनी आहे, नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दे. आणि तू या आठवड्यातच तपासून घे. एकटीनं जायला अवघड वाटत असेल तर सांग, मी येते तुझ्यासोबत.