सामना आणि वदंता

प्रश्न : भारत-पाकिस्तान सामन्याहून प्रशिक्षकाच्या गच्छंतीच्या वार्तांनाच वृत्तपत्रे अधिक जागा का देतात? — एक वाचक, पुणतांबा

उत्तर : आपल्याच गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला त्या जून २०१७ मध्ये, ४ तारखेस, बर्मिंगहॅम येथे युवराजसिंगांनी ३२ चेंडूंत ५३ धावा फटकावल्या व भारताने पाकिस्तानास १२४ धावांनी नमविले, तरी चर्चा चालली होती ती प्रशिक्षक कुंबळे व कर्णधार कोहली यांच्या बेबनावाची, कारण सामन्याचे वर्णन करण्यास मैदानावर दिवसभर डोळा ठेवावा लागतो आणि पावसाने खेळ लांबला की छपाईची मुदत टळते, 'सूत्रांकडून समजते' एवढ्यास मात्र कचेरीतील खुर्ची पुरते. अर्थात, ही वदंता निराधार नव्हती : क्रिकेट नियामक मंडळाने २५ मे रोजीच प्रशिक्षकपदासाठी अर्ज मागविले होते, आणि २० जूनला कुंबळेंनी राजीनामा दिला.