कुलूप कोणी लावले?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चार विद्यार्थी मिळून पावसाच्या नोंदींचा आलेख काढणारा प्रोग्रॅम लिहीत आहेत, असे समजा. सर्व फाइली सामायिक ड्राइव्हवर, म्हणजे कक्षातील प्रत्येक संगणकाला जाळ्यातून उघडता येणाऱ्या एकाच डिस्कवर आहेत. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद 'गिट' हा प्रोग्रॅम ठेवतो. प्रदर्शनाला दोन दिवस उरलेले असताना एका विद्यार्थिनीने आपले काम नोंदवण्याची आज्ञा दिली, तर पडद्यावर संदेश आला : 'इंडेक्स.लॉक' ही फाइल तयार करता येत नाही, ती आधीच अस्तित्वात आहे. शेजारचा म्हणाला, "पुसून टाक ती फाइल!" हा सल्ला कधी योग्य आणि कधी घातक, ते आपण पाहू.

कुलूप कशासाठी?

बदलांची नोंद ठेवणारे प्रोग्रॅम जुनेच आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी असा एक प्रोग्रॅम १९७२ साली तयार केला. गिट हे लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिहिले. पुढच्या नोंदीत काय काय जायचे याची यादी गिट 'इंडेक्स' नावाच्या फाइलीत ठेवते.

आता या यादीत दहा फाइली आहेत असे धरा. 'अ'ने ती वाचली. त्याच क्षणी 'ब'नेही वाचली. 'अ'ने अकरावे नाव घालून यादी परत लिहिली. 'ब'जवळ मात्र जुनी दहाचीच यादी होती. तिने त्यात आपले नाव घातले आणि तीही परत लिहिली. नावे बारा व्हायला हवी होती, पण झाली अकराच! 'अ'चे नाव नाहीसे झाले, आणि तेही कोणताच संदेश न येता.

हे टाळण्यासाठी गिट प्रथम 'इंडेक्स.लॉक' ही फाइल तयार करते. ती आधीपासून असेल, तर दुसऱ्याला ती तयार करता येत नाही व त्याला थांबावे लागते. नवी यादी या फाइलीतच लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावर तिचे नाव बदलून 'इंडेक्स' केले जाते. त्यामुळे अर्धवट यादी कोणाच्या हाती पडत नाही. म्हणजे तो संदेश हा बिघाड नसून पहारा आहे.

मग कुलूप अडकते कसे?

काम चालू असताना वीज गेली किंवा गिट मध्येच बंद पडले, तर कुलूप तसेच राहते. आपल्या स्वतःच्या संगणकावर गिट चालू आहे की नाही हे आपण पाहू शकतो. सामायिक ड्राइव्हवर मात्र कुलूप लावणारा दुसऱ्याच संगणकावर बसलेला असू शकतो, आणि तो आपल्याला दिसत नाही. म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. मिनिटभर थांबून आज्ञा पुन्हा द्यावी.
२. सर्वांना विचारावे, आणि गिट व संपादक प्रोग्रॅम बंद करायला सांगावे. काही संपादक आपल्या नकळत गिट चालवतात.
३. संपूर्ण फोल्डरची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.
४. मगच फक्त 'इंडेक्स.लॉक' पुसावी.
५. शेवटी 'गिट एफएससीके' ही आज्ञा द्यावी. गिट प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेली, सामान्यतः ४० अंकाक्षरांची खूण देते. ही आज्ञा त्या खुणांचा ताळा पाहते.

मालक कोण?

दुसरा संदेश फोल्डरच्या मालकीबद्दल शंका घेतो. एप्रिल २०२२ मधील २.३५.२ या आवृत्तीपासून, फोल्डरचा मालक दुसराच कोणी असेल तर गिट त्यात काम करण्यास नकार देते. कारण तेथील सेटिंगच्या फाइलीत कोणी घातक आज्ञा लिहून ठेवली, तर ती आपल्या नावाने चालेल. सामायिक ड्राइव्हवर मालक बहुधा वेगळा दिसतो. फोल्डर खात्रीचा असेल, तर 'सेफ.डिरेक्टरी' या सेटिंगमध्ये त्या एकाच फोल्डरचे नाव घालावे. सर्वच फोल्डरांना मोकळीक देऊ नये.

खरा उपाय

चौघांनी एकाच फोल्डरात काम करणे हेच या त्रासाचे मूळ आहे. प्रत्येकाने आपल्या डिस्कवर स्वतंत्र प्रत घ्यावी. सामायिक ड्राइव्हवर फक्त नोंदींचे भांडार ठेवावे. अशा भांडाराला 'बेअर' म्हणतात. त्यात कोणी थेट फाइली बदलत नाही. आपल्या नोंदी 'पुश'ने तेथे पाठवायच्या आणि इतरांच्या 'पुल'ने आणायच्या. दोघांनी एकाच शाखेवर पाठोपाठ नोंदी पाठवल्या, तर गिट दुसऱ्याला अडवते आणि आधी पहिल्याच्या नोंदी आणायला लावते. कोणाचेच काम पुसले जात नाही.

करून पाहा

आपल्या डिस्कवर नवा फोल्डर करून त्यात 'गिट इनिट' ही आज्ञा द्या. तयार झालेल्या लपलेल्या 'गिट' फोल्डरात 'इंडेक्स.लॉक' नावाची रिकामी फाइल ठेवा. आता बाहेर एखादी फाइल लिहून तिच्यासाठी 'गिट ॲड' ही आज्ञा द्या. कोणता संदेश येतो? हे कुलूप तुम्हीच लावले आहे, म्हणून ते काढायला हरकत नाही. काढा आणि आज्ञा पुन्हा द्या. सामायिक ड्राइव्हवर मात्र आधी विचारा : कुलूप कोणी लावले?