दोन ऑफिस, एक यादी

रजेची यादी मुख्य ऑफिसातून हॉस्टेल ऑफिसात पेनड्राइव्हवर जायची. एकदा जुनीच यादी गेली. माझ्या मित्राला आउटपास मिळाला नाही, त्याची गाडी चुकली. म्हणून सरांबरोबर मी दोन्ही नेटवर्क जोडायला घेतली.

केबल 90 मीटर, म्हणजे 100 च्या मर्यादेत. मध्ये राउटर ठेवला, तरी जमेना. दोन्हीकडचे पत्ते 192.168.1 नेच सुरू होत होते. दोन बराकींना एकच नंबर असेल तर टपाल जाणार कुठे? हॉस्टेलला 192.168.2 दिलं. दोन्ही ऑफिसच्या राउटरवर समोरच्या नेटवर्कचा मार्ग नोंदवला. फायरवॉलमध्ये तेवढ्याच नेटवर्कला परवानगी दिली.

आता यादी एकाच फोल्डरमध्ये असते, हॉस्टेल ऑफिस ती फक्त वाचू शकतं. इंटरनेट बंद असलं तरी ती उघडते. या सुटीत मित्राला गाडी मिळाली.