घरच्या संगणकाची कार्यप्रणाली बदलताना

रिठद हे वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्याचे गाव. अशा गावी शिक्षकाच्या किंवा पंचायत सदस्याच्या घरात संगणक आला, की तो फार दिवस एकट्याचा राहत नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यावर तयार होतात, ग्रामसभेची सूचना त्यावर लिहिली जाते, शेजारच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावरून भरला जातो आणि पीक कर्जाच्या दिवसांत सात-बाराचा उताराही त्यावरच काढला जातो. असा संगणक एके दिवशी नवी कार्यप्रणाली मागू लागतो, तेव्हा तो प्रश्न केवळ त्या घरापुरता उरत नाही.

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, ही संगणकाची कारभारीण होय. कळ दाबली की अक्षर उमटविणे, फाईल जपणे, प्रिंटरला निरोप पोहोचविणे ही कामे तीच पाहते. बहुसंख्य घरांत ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. या कंपनीने विंडोज १० ला दिली जाणारी नियमित सुधारणांची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. घरगुती संगणकांसाठी काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत केवळ सुरक्षेच्या सुधारणा देण्याचे तिने जाहीर केले. मुदत संपल्याने संगणक बंद पडत नाही, आणि म्हणूनच अनेकजण निर्धास्त राहतात. मात्र प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे त्यानंतर कोणी बुजवीत नाही.

अशा छिद्रांचा परिणाम जगाने १२ मे २०१७ रोजी पाहिला. ‘वॉनाक्राय’ या घातक प्रणालीने त्या दिवसापासून सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. त्यावरील दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधी, १४ मार्चलाच उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते सापडले. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, किंवा ज्याला ई-ग्रामस्वराजच्या देयकांसाठी लागणारी अंकीय स्वाक्षरीची कळ जोडली जाते, तो असा उघडा ठेवणे मुळीच योग्य नाही.

नवी विंडोज ११ ही प्रत्येक जुन्या यंत्रावर चालत नाही. तिला ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. इंटेलचे प्रोसेसर असतील तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ नंतर आलेले, कंपनीच्या यादीत आहेत. आपले यंत्र त्यात बसते की नाही, हे ‘पीसी हेल्थ चेक’ या कंपनीच्याच विनामूल्य साधनाने कळते. ते न बसल्यास दुकानदार आडमार्गाने नवी प्रणाली घालून देतो किंवा विनापरवाना प्रत बसवून देतो. हा स्वस्त उपाय अखेरीस महाग पडण्याचा संभव अधिक.

परंतु खरी हानी वेगळ्याच ठिकाणी होते, आणि तिची वाच्यता फारशी होत नाही. ती म्हणजे जुन्या मराठी मजकुराची.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी टंकलेखन मोठ्या प्रमाणावर कृतिदेव, श्रीलिपी आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या आयएसएम यांसारख्या साधनांनी झाले. त्यांपैकी कृतिदेवसारख्या फॉन्टची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात ‘काम’ हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या स्मृतीत ‘काम’ नसतेच. तेथे डी, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. फॉन्ट त्यांना क, काना आणि म यांचे रूप देतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. युनिकोडमध्ये असे होत नाही. त्यात प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे: क ला २३२५, कान्याला २३६६, म ला २३५०. फॉन्ट कोणताही असो, ‘काम’ हे कामच राहते.

कार्यप्रणाली आहे त्याच यंत्रावर चढविली, तर फॉन्ट बहुधा टिकून राहतात. मात्र दुकानात यंत्र कोरे करून नवी प्रणाली घातली, किंवा नवा संगणक घेतला, की ते नाहीसे होतात. शिवाय विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते. जुन्या ३२-बिट यंत्रासाठी तयार झालेले प्रिंटर-स्कॅनरचे चालक-कार्यक्रम तिच्यावर चालत नाहीत, आणि टंकलेखनाची काही जुनी साधनेही अडतात. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, ठरावांचे मसुदे, गावाच्या इतिहासाची हौसेने लिहून काढलेली टिपणे अशा वेळी फाईल म्हणून शाबूत राहतात, पण वाचता येत नाहीत.

म्हणून जुना संगणक चालू स्थितीत असतानाच दोन कामे उरकावीत. महत्त्वाच्या प्रत्येक मजकुराची पीडीएफ प्रत काढावी. तिच्यात फॉन्ट सहसा अंतर्भूत होतो, त्यामुळे ती पुढे कोठेही जशीच्या तशी दिसते. आणि ज्या मजकुरात पुढे फेरबदल करायचे आहेत तो परिवर्तकाच्या साह्याने युनिकोडमध्ये आणावा. मूळ फाईली, त्यांचे फॉन्ट आणि या नव्या प्रती बाहेरच्या डिस्कवर वेगळ्या ठेवाव्यात. एकाच पेन ड्राइव्हवर विसंबणे बरे नव्हे.

परिवर्तित मजकूर वाचून पाहिल्याशिवाय वापरू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचा क्रमही उलटतो. चुका नेमक्या तेथेच होतात, विशेषतः जोडाक्षरांत. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील मराठीचा खास र बिघडतो. मजकुरात मधेच खरे इंग्रजी शब्द असतील, तर परिवर्तक त्यांचेही मराठी करू पाहतो आणि विनोद घडतो. ठरावातील रकमा व गट क्रमांक मात्र विनोदाचा विषय नाहीत. ते सहीच्या मूळ कागदाशी ताडून पाहावेत.

नवी प्रणाली घालताना आणखी एक गोष्ट जपावी. विंडोज ११ सुरू करताना कंपनीचे खाते मागितले जाते. घाईत दुकानदार स्वतःच्या किंवा नव्यानेच काढलेल्या ई-मेलवर ते उघडून देतो. अलीकडच्या आवृत्त्यांत अशा नव्या मांडणीबरोबर डिस्क आपोआप सांकेतिक कुलपात जाऊ शकते आणि त्या कुलपाची किल्ली त्या खात्यात जमा होते. पुढे कधी संगणकाने किल्ली मागितली आणि खाते कोणाचे हेच माहीत नसले, तर सारा मजकूर कायमचा हातचा जातो. खाते घरातील जबाबदार व्यक्तीच्या नावे असावे, आणि ती किल्ली कागदावर उतरवून रेशन कार्डाजवळ ठेवावी. त्याच खात्याबरोबर वनड्राइव्ह ही साठवणही येते. ती विनामूल्य ५ जीबीपर्यंतच असते, आणि घरातील कागदपत्रे नकळत तेथे जाऊ लागल्यास पुष्कळदा आधी मोबाईलचा डेटा संपतो.

बदलाचे प्रत्यक्ष काम कित्येक जीबी उतरवून घेते व काही तास चालते. मध्येच वीज गेली तर गोंधळ उडतो. तेव्हा लॅपटॉप पूर्ण भरलेला असावा, किंवा बॅटरीचा आधार असलेले यंत्र घ्यावे, आणि शाळेचा निकाल लावण्याचा आठवडा टाळावा. जुन्या प्रणालीवर चढविलेली नवी प्रणाली पसंत पडली नाही, तर दहा दिवसांच्या आत परत जाण्याची सोय असते. त्या दहा दिवसांतच प्रिंटर, स्कॅनर, स्वाक्षरीची कळ आणि मराठी टंकलेखन तपासून घ्यावे.

ज्यांचे यंत्र जुने पण धडधाकट आहे, त्यांना लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली तयार केली आहे, आणि केरळ राज्याने शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर चालवून दाखविले आहेत. तथापि अंकीय स्वाक्षरीसारखी कामे त्यावर चालतात की नाही, याची खात्री आधी करावी. केवळ लेखन-वाचन आणि मुलांच्या अभ्यासासाठी ती पुरेशी ठरते.

पहिले काही आठवडे घरात कुरकुर होतेच. खालच्या पट्टीवरील चिन्हे मध्यभागी सरकलेली असतात (ती ‘सेटिंग्ज’मधून पुन्हा डावीकडे नेता येतात), आणि सवयीचा मंगल हा फॉन्ट नव्या यंत्रावर मुळात नसतो; तो ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे जादा फॉन्ट मागवून घ्यावा लागतो. टंकलेखन परीक्षेत रेमिंग्टन कळफलक शिकलेल्या शिक्षकाची बोटे विंडोजच्या इनस्क्रिप्टवर अडखळतात, त्यांच्यासाठी रेमिंग्टनचे युनिकोड साधन वेगळे बसवावे लागते. मुले उच्चारानुसार लिहितात, आणि तसा मराठी कळफलक विंडोजमध्ये २०१९ पासून अंगभूत आहे. विंडोज कळ आणि स्पेस कळ एकत्र दाबली, की एक कळफलक जाऊन दुसरा येतो. एकाच संगणकावर दोघांचेही काम अडत नाही.