तालुक्याच्या मैदानावरचे क्रिकेट



महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत. मुंबई आणि लगतचा पट्टा मुंबई संघटनेकडे, विदर्भातले 11 जिल्हे नागपूरच्या विदर्भ संघटनेकडे आणि उरलेला सारा मुलूख पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचे कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि मराठवाडा एवढा हा पसारा आहे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. पुढे 1992-93 आणि 2013-14 मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण करंडक काही पुन्हा आला नाही. शेजारचा विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतो. पहिल्या विजेतेपदासाठी त्याला साठ वर्षे थांबावे लागले. तरी 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीन विजेतेपदे आज त्याच्या नावावर आहेत.

खेळाडूंची वाण या मुलुखात कधीच नव्हती. विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा. 1948 साली पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद 443 करणारे भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. झहीर खान श्रीरामपूरचा, स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 245 धावांचा पाठलाग करताना भारताचे 4 गडी 32 धावांत गेले होते. तेथून 96 धावा करून सामना फिरवणारा सचिन धस बीडचा. अशी नावे बक्षीस समारंभाच्या भाषणात शोभून दिसतात. जिल्हा संघटनेच्या कामाला त्यांचा उपयोग थोडा, कारण ही अपवादाची उदाहरणे आहेत. झहीरला श्रीरामपूर सोडून मुंबई गाठावी लागली आणि प्रथम श्रेणीत तो उतरला बडोद्याकडून. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे भालाफेक, गोळाफेक करत क्रिकेटकडे वळली आणि 2022 मध्ये 76 चेंडूंत नाबाद 162 धावांची तिची गाजलेली खेळी झाली ती नागालँडकडून.

जिल्ह्यात क्रिकेट वाढते आहे की नाही हे एकाच गोष्टीवरून ओळखावे. तालुक्याच्या गावातल्या साधारण खेळणाऱ्या मुलाला हंगामात घराजवळ किती सामने खेळायला मिळतात? शिबिरे, निवड चाचण्या, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटने यांनी वर्तमानपत्रात फोटो येतो. मूल खेळात टिकते ते सामन्यांमुळे.

आणि सामनेच नेमके कमी आहेत. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, पण बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने. 16 शाळांची बाद फेरीची स्पर्धा 15 सामन्यांत संपते, आणि त्यांतल्या 8 शाळा एकच सामना खेळून घरी जातात. त्या सामन्यातही शेवटच्या क्रमांकाच्या मुलाला बहुधा फलंदाजी मिळत नाही, गोलंदाजी तर नाहीच. सकाळभर थर्ड मॅनला उभे राहून, दोनदा चेंडू अडवून तो परततो आणि वर्षाचे त्याचे क्रिकेट तेथेच संपते. याच 16 संघांचे चार गट पाडून साखळी लावली तर गटाचे 24 सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन मिळतात. खर्च वाढतो तो मुख्यतः चेंडूंचा, पंचांच्या मानधनाचा आणि प्रवासाचा. गट लगतच्या शाळांचे केले की प्रवासही आटोक्यात राहतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सगळ्यांना बोलावण्याचा मोह टाळावा. आठ-दहा वर्षांच्या मुलांना पहाटेच्या एसटीने आणून संध्याकाळी परत पाठवणे पालकांना एकदा जमते, दर रविवारी जमत नाही.

लहान वयाच्या सामन्यांचा आराखडाही मोठ्यांचा नसावा. ऑस्ट्रेलियाने गेल्या दशकात मुलांच्या क्रिकेटची मांडणी बदलली. पहिल्या टप्प्यात 16 मीटरची खेळपट्टी आणि सात-सात जणांचे संघ, दुसऱ्यात 18 मीटर आणि नऊ-नऊ जण, त्यानंतर पूर्ण 20.12 मीटर. सीमारेषा जवळ असते, प्रत्येकाला फलंदाजी-गोलंदाजी मिळेल असे नियम असतात. कारण साधे आहे. दहा वर्षांच्या मुलाचा चेंडू पूर्ण लांबीच्या खेळपट्टीवर दोन टप्पे घेतो किंवा वाइड जातो. फलंदाज नुसता उभा राहतो, क्षेत्ररक्षक कंटाळतात. चेंडूचेही तसेच. मोठ्या पुरुषांचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅमचा, 13 वर्षांखालील मुलांचा 133 ते 144 ग्रॅमचा असतो. अनेक शाळा मोठाच चेंडू लहानांच्या हाती देतात, कारण दुकानात तोच मिळतो. ही खरेदी संघटनेने एकत्र करून शाळांना पुरवावी.

आता टेनिस बॉलविषयी. जिल्ह्यातले खरे क्रिकेट हेच आहे, आणि संघटनेच्या लोकांनी त्याकडे नाक मुरडणे ही जुनी खोड आहे. भातकापणी झाली की कोकणातल्या मळ्यांत, दिवाळीनंतर घाटावरच्या माळांवर सरपंच चषक, आमदार चषक सुरू होतात. मंडप पडतो, माइकवर समालोचक गावातल्या प्रत्येकाच्या टोपणनावासह चेंडूगणिक बोलत असतो, मालिकावीराला देण्याची मोटारसायकल हार घालून मंडपाशेजारी उभी असते. रात्रीचे सामने प्रकाशझोतात होतात आणि यूट्यूबवर दिसतात. मोठ्या स्पर्धांत पैसे देऊन बाहेरचे खेळाडू आणले जातात, म्हणून गावची मुले शेवटी चेंडू आणायलाच उरतात, हा त्यातला दोष. पण एवढे प्रेक्षक, एवढे स्वयंसेवक आणि स्वखुशीने दिलेला एवढा पैसा जिल्हा संघटनेच्या कोणत्याही स्पर्धेला मिळत नाही. नागपूरजवळच्या खापरखेड्याचा उमेश यादव विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस बॉलच टाकत होता. 2011 मध्ये तो विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. केदार जाधवही टेनिस बॉलच्या स्पर्धांतून पुढे आला.

तेव्हा या आयोजकांशी स्पर्धा करू नये, सोयरीक करावी. त्यांचे मैदान आखलेले असते, मंडप, माइक, पाण्याचा टँकर सगळे जागेवर असते. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तोच मंडप एक दिवस ठेवून 14 वर्षांखालील मुलामुलींचे सामने घ्यावेत. बहुतेक आयोजक आनंदाने होकार देतात, कारण त्यांची स्वतःची मुले त्यात असतात. शिवाय प्रत्येक मोठ्या स्पर्धेला संघटनेचा एक माणूस हजर असावा. वेगाने हात फिरवणारा, सरळ फेकणारा पोरगा त्याच्या नजरेस पडला की त्याला लेदर बॉलच्या सरावाला बोलवावे, आणि बोलावताना बूट-पॅडची सोय संघटना करील हेही सांगावे. लेदरकडे न येण्याचे कारण अनेकदा भीती नसते, किटची किंमत असते. शाळेत पाच-सहा समाईक किट ठेवली तर हा अडसर निम्मा दूर होतो.

खेळपट्टीचा प्रश्न पैशाइतकाच पाण्याचा आहे. टर्फ विकेटला चांगली चिकण माती, रोलर, जाणता माळी आणि सतत पाणी लागते. मराठवाड्यात आणि माणदेशात उन्हाळ्यात हे पाणी मागणे अवघड आणि शोभणारेही नाही. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. म्हणून तालुक्याला मॅटिंग विकेट हाच मार्ग आहे. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट पाया करायचा आणि त्यावर काथ्याची मॅट अंथरायची. मॅट दोन्ही बाजूंनी माणसे लावून ताणावी लागते आणि ताणलेली असतानाच कडेच्या कड्यांतून लोखंडी खिळे ठोकावे लागतात. एका कोपऱ्यात सैल राहिली तरी तिथे पडलेला चेंडू कधी घोट्याशी, कधी कानाशी येतो, आणि सहा चेंडूंत नवखे मूल लेदर बॉलला कायमचे घाबरते. पायाची माती दर सामन्याआधी भिजवून दाबावी, मॅट रात्री गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी, खिळ्यांचे बूट तिच्यावर चढू देऊ नयेत. एवढी निगा राखायला एक जबाबदार माणूस लागतो. शाळेच्या शिपायाला त्याचे वेगळे मानधन दिले तर मॅट कितीतरी जास्त टिकते. सिमेंटवर अंथरलेली कृत्रिम हिरवळ देखभालीला सोपी असते, पण तिच्यावर चेंडू फार उसळतो आणि धावणाऱ्या गोलंदाजाच्या गुडघ्यांना ती कठीण जाते.

वेगवान गोलंदाजांना तर वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी जपावेच लागते. पाठीच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचे प्रमाण याच वयात जास्त असते. इंग्लंडमध्ये 13 वर्षांपर्यंतच्या मुलाला एका स्पेलमध्ये पाच षटकांची मर्यादा ठरवली गेली. आपल्याकडे जो वेगवान, त्यालाच सकाळी शाळेचा, दुपारी गल्लीचा आणि रात्री चषकाचा सामना असतो. त्याची षटके मोजणारा कोणी नसतो, म्हणून प्रशिक्षकाने वहीत मोजावीत.

मुलींच्या क्रिकेटची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करावी लागते. महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा 1973 मध्ये पुण्यातच झाली आणि तिच्या तीन संघांपैकी एक महाराष्ट्राचा होता. महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आले ते 2006 मध्ये. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत भारताने महिलांचा विश्वचषक जिंकल्यानंतर मैदानावर येऊ पाहणाऱ्या मुली वाढणार हे उघड आहे. तयारी मात्र जिल्ह्यांची व्हायची आहे. स्मृती मानधनाला वडिलांचे आणि भावाचे क्रिकेट घरातच मिळाले. भावाबरोबर ती सरावाला गेली, नवव्या वर्षी 15 वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी 19 वर्षांखालील महाराष्ट्र संघात आली. ज्या मुलीला असा भाऊ नाही, तिच्यासाठी संघटनेने काय करायचे हा प्रश्न आहे. मैदानाजवळ वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला बंद खोली, या दोन गोष्टी नसतील तर बाकीचे बोलणे व्यर्थ. सरावाची वेळ अंधार पडायच्या आत संपावी आणि सरावाला एक शिक्षिका किंवा माजी महिला खेळाडू हजर असावी. 12 वर्षांखालील सामन्यांत मुलेमुली एकाच संघात खेळवावीत. त्या वयात ताकदीचा फरक फारसा नसतो, आणि तालुक्यात मुलींचे अकरा जणींचे संघ एकदम तयार होत नाहीत. त्यापुढे सहा किंवा सात जणींच्या स्पर्धा घ्याव्यात. कबड्डी, खो-खो, भालाफेक खेळणाऱ्या मुलींकडे आवर्जून जावे. त्यांची धाव आणि फेक तयार असते. बॅट धरायला शिकवणे तुलनेने सोपे. महिलांचा चेंडू 140 ते 151 ग्रॅमचा असतो, तोच वापरावा.

पंच आणि गुणलेखक यांच्यावाचून साखळी चालत नाही, आणि जिल्ह्यात नेमकी हीच माणसे मिळत नाहीत. निवृत्त शिक्षक, टपाल किंवा बँकेतून निवृत्त झालेले जुने खेळाडू, महाविद्यालयातली खेळ सोडलेली मुले यांतून ती तयार होतात. पावसाळ्यात मैदान बंद असते तेव्हा नियमांचे वर्ग घ्यावेत. गुणलेखन आता मोबाइलवर होते आणि मुलाला आपल्या धावा फोनवर दिसल्या की त्याचा हुरूप वाढतो, हे खरे. तरी कागदाची वही ठेवावी. मैदानावर रेंज नसण्याचे दिवस कमी नाहीत.

पैशाबाबत फार लिहिण्याजोगे नाही. साखर कारखाने, पतसंस्था, बाजार समित्या, गावचे व्यापारी मागितले तर देतात. बक्षिसाच्या रकमेऐवजी मॅट, चेंडू आणि पंचांचे मानधन यांसाठी मागावे आणि हिशेब हंगाम संपताच फळ्यावर लावावा. 2023 पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक अशा नावांचे संघ खेळतात. त्यांचे खेळाडू एखाद्या रविवारी तालुक्याच्या मैदानावर आले तर गर्दी होते, पण त्या गर्दीतल्या मुलाला पुढच्या रविवारी सामना मिळणार नसेल तर पाहुणा बोलावण्यात अर्थ नाही.

निवडीत वयाचा घोळ हा जुना रोग आहे. बीसीसीआय मुलांच्या 16 वर्षांखालील गटात मनगटाच्या क्ष-किरण तपासणीने हाडांचे वय पाहते. तिथे अडकलेल्या मुलाचे वर्ष जाते आणि संघाची जागाही जाते. पहिल्या नोंदणीलाच शाळेच्या दाखल्याची व जन्म नोंदीची प्रत घ्यावी, आणि दाखला बदलून आणण्याचा सल्ला देणाऱ्या प्रशिक्षकाला मैदानावर येऊ देऊ नये. निवड समितीत तालुक्यांची माणसे असावीत. केवळ जिल्ह्याच्या गावातल्या दोन क्लबांचे लोक निवड करतात तेव्हा बाहेरची मुले चाचणीला येणेच सोडतात.

सर्वांत मोठी गळती दहावीत होते. जूनपासून क्लास, मग सराव परीक्षा, मग बोर्ड. बॅट माळ्यावर जाते आणि पुष्कळदा पुन्हा खाली येत नाही. या वर्षी रोजच्या सरावाचा आग्रह धरू नये. पालकांना बोलावून महिन्यातून दोन रविवारचे छोटे सामने तेवढे ठरवावेत. दहावीच्या प्रत्येक खेळाडूचे नाव, पालकांचा फोन आणि शाळा एका वहीत असावी, आणि बोर्डाचा शेवटचा पेपर होताच त्या आठवड्यात त्या प्रत्येक घरी फोन जावा. एप्रिल-मेमध्ये केवळ या मुलांची साखळी लावावी, सामने सकाळी दहाच्या आत संपवावेत. जूनमध्ये कोण अकरावीला कुठे गेला हे त्याच वहीत लिहून त्या गावच्या संघाला त्याचे नाव कळवावे.

— मामा