डोंगर का सुटतो?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे 'अ‍ॅव्हलांच' हा शब्द आधी कळला आणि 'हिमस्खलन' खूप नंतर. माझं गाव पेठ. तिथे बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर! तरी हा विषय आपल्या कामाचा आहे, कारण हिमालयात बर्फ सुटतो, साधारण त्याच तऱ्हेने आपल्याकडे माती सुटते.

उतारावर बर्फाचे थर एकावर एक साचतात. खालचा एखादा थर भुसभुशीत राहिला, की वरचा जेमतेम फ्रिक्शनवर टिकून असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर धोका सर्वांत जास्त. मग नवीन बर्फाचं वजन, ऊन किंवा एका माणसाची चालसुद्धा निमित्ताला पुरते. वेग ताशी १०० कि.मी.च्या वर जाऊ शकतो. गाडलेला माणूस बहुधा गुदमरून जातो, म्हणून पहिली १०-१५ मिनिटं लाखमोलाची. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये १० जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्याचे सुनील सूर्यवंशी होते.

सह्याद्रीत बर्फाच्या जागी माती-मुरूम आणि खाली काळा पाषाण. सतत पाऊस लागला की पाणी मुरतं आणि खडकावर अडतं. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. सिव्हिलवाल्यांना इथे टर्झागी आठवेल. पायथा कापला तर उताराचा टेकू जातो, झाडं तोडली तर मुळांची पकड जाते. म्हणजे पाऊस शेवटचा धक्का देतो, पण तयारी आधीपासून चालू असते.

३० जुलै २०१४ ला माळीण गाव गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही वेळा महिना जुलै आणि पाऊस धो धो. आमच्या पेठ तालुक्यातही घाट आहेत, डोंगराला टेकलेले पाडे आहेत, उतारावर नागली-वरई आहे.

म्हणून या खुणा लक्षात ठेवा :
१) जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग.
२) झाडं, खांब कलणं.
३) दारं अचानक घट्ट बसणं.
४) झऱ्याचं पाणी गढूळ होणं किंवा नवीन जागी पाणी फुटणं.

खूण दिसली तर उताराच्या वाटेतून बाजूला निघा. ओढ्याच्या पात्रात उतरू नका. जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा.

माझ्या आत्याचं घर डोंगराच्या पायथ्याशीच आहे. तिला सांगून ठेवलंय, "आत्या, भेग दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. पोरांना घे आणि शाळेत जा." तिची शाळा सपाटीवर आहे. तुमच्या गावात अशी जागा कोणती? पावसाळ्यापूर्वी घरी जाल तेव्हा ती ठरवून या, आणि घरामागचा उतार एकदा स्वतः चढून बघा.